अर्धवर्तुळांचा मासा

एप्रिल उतरणीला लागला की नारायणगावच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर टोमॅटोचे कॅरेट दिसू लागतात. पिकअपमध्ये, ट्रॅक्टरवर, कधी तर जीपच्या टपावरसुद्धा. हवेत देठाचा तो हिरवा, जरासा कडवट वास भरून राहतो. हाताला लागला तर साबणानंही लवकर जात नाही. या वासानं कुणाला लग्नसराई आठवते, कुणाला नवा ट्रॅक्टर. मला एक मासा आठवतो. आणि त्याच्या मागोमाग एक सवय अंगात परत येते: समोरच्या वस्तूकडं डोळे बारीक करून बघायची. ही तीच आहे ना?

मी शाळेत चित्रकला शिकवते. सासर बोरी बुद्रुकचं, शेती तिथंच. पण माझ्या शाळेमुळं आम्ही नारायणगावात राहतो, चंपालालशेठच्या घराच्या भिंतीला भिंत लागून. माझे यजमान दत्तात्रय रोज सकाळी मोटारसायकलवरून शेतात जातात आणि दिवेलागणीला परततात. शेठचे आजोबा राजस्थानातून आले, ते इथलेच झाले. बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं त्यांचं दुकान तालुक्यात जुनं. बोलणं आमच्यासारखंच, फक्त फार राग आला की शेठ मारवाडीत जायचे आणि समोरच्याला कळायच्या आत परत मराठीत यायचे.

अशा माणसाच्या घरी समुद्रातला मासा कसा आला, हे आधी सांगायला हवं. आमच्याकडं समुद्र म्हणजे घाटापलीकडची गोष्ट. वर्षातून एकदा शाळेची सहल घाट उतरते, तेवढाच. पण हायवेवर एक मोठं हॉटेल होतं. त्याच्या एसी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती, आणि जेवायला गेलेली मुलं जेवण सोडून तिच्याभोवतीच असायची. बाह्यवळण झालं, गाड्या गावाबाहेरून जायला लागल्या आणि हॉटेल बंद पडलं. शेठ काही कामानं तिथं गेले, तेव्हा टाकीत एकच लहानसा मासा उरला होता. मालक म्हणाला, "शेठ, नेता का? न्हाईतर देतो गटारात सोडून."

शेठ जैन. पाणी गाळून पिणारे, अंधार पडल्यावर न जेवणारे. ते टाकीसकट मासा घेऊन घरी आले. पाळायची हौस म्हणून नव्हे, तो मरेल म्हणून.

दुकान आणि घर यांच्यामध्ये एक खोली आहे, मध्ये पडदा. औषधांचा वास माशाला चालत नाही म्हणून टाकी तिथं ठेवली. पुण्याहून एक टाकीवाला यायचा, खास मीठ घालून पाणी करून द्यायचा. शेठनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "खायला जे द्यायचं ते पाल्याचं द्या." मग वाळवलेलं समुद्री शेवाळ आलं, आणि शेठची सून मंजू पालक उकळून त्याच्या चिंध्या करून टाकीत सोडायला लागली. कुठं कुठल्या बेटाजवळच्या प्रवाळात जन्मलेला जीव, आणि जुन्नर तालुक्यातला पालक खातोय. मला गंमत वाटायची. मंजूला नाही वाटायची. ती म्हणायची, "बाई, ह्याचं पोट भरतं का हे कुणाला विचारायचं?"

दिसायला तो असा होता: अंग गर्द निळं, जवळजवळ काळं. त्यावर बारीक पांढऱ्या आणि फिक्या निळ्या कमानी. गालावर, कल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात एक काटा, मागं वळलेला. टाकीवाल्यानं सांगितलं होतं की एंजल मासा ओळखायचा तो या काट्यावरून. फुलपाखरू मासाही असाच चपटा आणि रंगीत असतो, पण त्याच्या गालावर काटा नसतो. तेवढं एक आम्हाला कळलं आणि पुरेसं वाटलं. शेठ त्याला "बेटा" म्हणायचे.

दिवाळी झाली आणि शेठच्या छातीत दुखायला लागलं. पुण्यात नेलं, ऑपरेशन ठरलं. जायच्या आधी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, तुम्ही ह्याचं एक चित्र काढून द्या मला. मोठं. तिकडं भिंतीकडं बघत पडायचंय, भिंतीवर काहीतरी असू दे."

मी स्टूल घेऊन टाकीसमोर बसले. मासा एका जागी राहत नाही, त्यामुळं तो वळतो तेव्हा काय दिसतं ते डोक्यात धरायचं आणि तो गेला की कागदावर ठेवायचं. म्हणून तर त्याच्या अंगावरची रेघ न् रेघ माझ्या हाताला पाठ झाली. डोक्याजवळची कमान जवळजवळ सरळ. मागं जावं तशी एकेक जास्त वाकलेली. सगळ्यांची पोटं डोक्याकडं, तोंडं शेपटीकडं उघडी. एकही कमान पुरी मिटत नव्हती. पुरं वर्तुळ असं त्याच्या अंगावर कुठंच नव्हतं. चित्र पुण्याला गेलं, त्याच्याबरोबर शेठही. ऑपरेशननंतर ते तिकडंच मुलीकडं राहिले, हिवाळाभर आणि त्यानंतरही. त्या काळात मी शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि परीक्षांत बुडालेली होते. मासा काही बघायला गेले नाही.

त्या साली आमच्या भागात कशावरच कुणाचा भरवसा उरला नव्हता. ऊस हलला की वारा आहे का बिबट्या, असं दोनदा बघायची सवय इथं सगळ्यांना आहेच. पण त्या उन्हाळ्यात फळावरचा विश्वास उडाला. एका संध्याकाळी यजमानांनी खिशातून एक टोमॅटो काढून ओट्यावर ठेवला.

"हे बग."

एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं पिवळा, मध्ये हिरवे कडक पट्टे. कापला तर आत काळपट. पिकला होता की नव्हता हेच सांगता येईना.

"औषध चुकलं असेल," मी म्हटलं.

"समद्यांचं एकदम चुकंल व्हय? खोडदला बी तसंच, आपल्या बोरीत बी तसंच. आरं, बीच खोटं असंल तर फवारून काय करतो माणूस?"

बी चंपालालशेठच्या दुकानातलं होतं. शेठ पुण्यात असताना त्यांचा मुलगा प्रकाश दुकान बघत होता. लोक पारावर, बाजारात, चहाच्या टपरीवर टोमॅटो हातात घेऊन उभे असायचे आणि उजेडाकडं धरून बघायचे. कुणी म्हणे बी, कुणी म्हणे रोपवाटिका, कुणी म्हणे औषधात भेसळ. बोलताना माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघेनाशी झाली होती. दुकानावरून जाताना राम राम करणारे मान खाली घालून जायला लागले. त्यातच शेठ परत आले.

गाडीतून उतरले तेव्हा शर्टात नुसते खांदेच उरले होते. मी आणि मंजू दोन्हीकडून धरून त्यांना आत नेत होतो. प्रकाश मात्र लहान मुलासारखा पुढं पळत होता. "बापूजी, डोळे मिटा. आता उघडा."

टाकीत मासा होता. तळहाताएवढा झालेला. अंगभर पिवळ्या-निळ्या आडव्या रेघा, जणू कुणी पट्टी धरून आखलेल्या. शेपटी पिवळीधमक. आणि डोळ्यांवरून काळी पट्टी, चोरानं फडकं बांधावं तशी.

"हा?" शेठ म्हणाले.

"हाच. मोठा झाला बापूजी. ह्यांच्यात असंच असतं, वयात आले की रंग पार बदलतात. टाकीवाल्यानं सांगितलंय. मी तेव्हा इथं नव्हतो, नंतर बघतो तर काय! मंजूनं सांभाळला."

शेठ काचेवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "वा रे बेटा. तूपण बरा झालास." त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं ते त्यांनी पुसलंही नाही. मीही भारावून गेले होते. मंजू मागं उभी होती, आणि तिनं तेवढ्यात गॅसवर दूध ठेवलंय म्हणून आत जायला पाठ फिरवली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

प्रकाशनं ही गोष्ट गावभर केली. बियाण्याच्या विषयावर बोलायला आलेल्या माणसालाही तो आधी पडदा बाजूला करून मासा दाखवायचा. लोक बघायचे, "आयला, लई भारी राव," म्हणायचे, आणि मग परत खिशातला टोमॅटो काढायचे.

मे महिन्याची सुट्टी लागली. मला वाटलं, जूनमध्ये मुलांना हे शिकवावं, एकाच माशाची दोन रूपं. शेजारी शेजारी दोन चित्रं काढू, एक लहानपणचं आणि एक मोठेपणचं. म्हणून दुपारी पंख्याखाली बसून मी फोनवर शोधायला लागले. पिवळ्या-निळ्या रेघांचा आणि डोळ्यांवर पट्टी असलेला मोठा मासा लगेच सापडला. त्याला म्हणतात एम्परर, बादशहा. प्रकाशनं सांगितलं ते खरंच होतं; त्याचं पिल्लू अगदी वेगळं दिसतं. गर्द निळं, अंगावर पांढऱ्या रेघा. मी चित्र मोठं केलं. आणि थांबले.

त्या पिल्लाच्या अंगावर वर्तुळं होती. शेपटीजवळ एक लहान, पुरतं मिटलेलं वर्तुळ, त्याभोवती दुसरं, त्याभोवती तिसरं. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी.

आपल्या माशाला वर्तुळं नव्हती.

मी पुढं शोधत राहिले. उघड्या कमानींचं पिल्लू दुसऱ्याच जातीचं निघालं. ते मोठं होतं तेव्हा त्याचं अंग हिरवट-तपकिरी होतं, त्यावर निळे ठिपके उठतात, कल्ल्याला आणि परांना निळी किनार येते. वाढत्या वयात शेपटीवर अशी काही नक्षी उमटते की तिच्यात जुन्या लोकांना अक्षरं दिसली आणि त्यांनी त्या माशाला धर्मग्रंथाचं नाव दिलं. तो काहीही झाला तरी पिवळ्या-निळ्या रेघांचा होत नाही. मासा रंग बदलतो हे खरं, पण हवा तो रंग घेत नाही. कुठल्या पिल्लाचं काय होणार हे ठरलेलं असतं.

मी आधी संशय घेतला तो स्वतःच्या हाताचा. चित्र काढताना चुकले असेन. वेगानं काढलं होतं, मासा हलत होता. मी शेठकडं गेले. चित्र त्यांच्या खाटेसमोर लावलेलं होतं. शेठ झोपले होते. मी त्यांच्या पायाशी उभी राहून माझ्याच चित्राकडं परक्या माणसासारखी बघत राहिले. कमानी. एकही मिटलेली नाही. घरी येऊन फोनमधले दिवाळीतले फोटो काढले. काचेवर ट्यूबलाइटची तिरीप होती, मासा अर्धा धूसर होता, पण शेपटीकडचा भाग स्पष्ट आला होता. तिथं वर्तुळ नव्हतं.

संशय विचित्र असतो. एकदा आला की तो मागं जाऊन सगळं नव्यानं दाखवतो. प्रकाशचा उत्साह मला आता जरा जास्तच वाटायला लागला. पडदा बाजूला करून लोकांना मासा दाखवणं हा मला दुकानदाराचा डाव दिसायला लागला: माणसानं टोमॅटो विसरून माशाकडं बघावं म्हणून. ज्या मुलाला मी लग्नाच्या वरातीत नाचताना पाहिलंय, त्याच्या चेहऱ्यात मी काळी पट्टी शोधायला लागले.

रात्रीच्या जेवणाला मी हे यजमानांना सांगितलं. सांगावं की नाही असं मनात आलंही नाही, घरात दोघंच असतो. त्यांनी घास हातातच ठेवला.

"म्हंजी मासा बदलला?"

"असं दिसतंय."

"आन् बापाला सांगतंय, हाच त्यो." त्यांनी ताट जरा पुढं सरकवलं. "जो बापाला माशात फसवतो त्यो मला बियात सोडंल व्हय?"

"अहो, दोन्हींचा संबंध नाही."

"तुला न्हाई दिसत. मला दिसतो. उद्या सगळी दुकानात जाणार हायेत. मी बी जाणार."

"मग जायच्या आधी मला मंजूला विचारू द्या."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांच्या मानेवरून कधीच कळत नाही.

सकाळी मी मंजूकडं गेले. ती मूग निवडत बसली होती. मी तिच्यासमोर फोन धरला, पिल्लांचे दोन्ही फोटो दाखवले. तिनं बघितलं. मग ताटलीतले मूग परत एकदा हातानं पसरवले, आणि त्यात खडा नसतानाही खडा शोधत राहिली.

"ह्यांना काही माहीत नाही," ती म्हणाली.

"कुणाला? प्रकाशला?"

"ह्यांना खरंच वाटतं की तोच मोठा झाला. मीच सांगितलं तसं."

मग तिनं सगळं सांगितलं. थंडीचे दिवस होते. प्रकाश पुण्याला दवाखान्यात वडिलांजवळ होता. ट्रान्सफॉर्मर जळाला आणि गावाची वीज गेली, ती आली दुसऱ्या दिवशी. टाकीत हवा सोडणारा पंप बंद पडला. मंजू वाटीनं पाणी काढून उंचावरून ओतत राहिली, तेवढ्यानं हवा मिसळेल म्हणून. सकाळी मासा तळाशी आडवा झालेला होता.

"बापूजींना कळलं असतं तर त्यांनी उपास धरले असते. दुकानातल्या पंख्याला लागून कबुतर मेलं होतं तेव्हा धरले होते ना, तुम्ही बघितलंय. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, एक उपाससुद्धा करायचा नाही, औषधं उपाशीपोटी चालत नाहीत. मी काय करणार होते, बाई? टाकीवाल्याला फोन केला. म्हटलं तस्साच आणून दे. तो म्हणाला, तसा मिळत नाही, दुसरा आहे, मोठा झालेला. वर म्हणाला, ताई, ह्यांचे रंग बदलतातच, कुणाला कळणार आहे?"

ती माझ्याकडं बघत होती. कुणाला कळणार आहे, याचं उत्तर तिच्यासमोर बसलं होतं.

"तुम्ही सांगणार?"

"मी कशाला सांगू," मी म्हटलं. यजमानांना सांगून बसलेय, हे मात्र जिभेवर आलं नाही. कारण त्याच वेळी दुकानातून आवाज यायला लागले होते.

दुकान भरलं होतं. पायरीवर, रस्त्यावर माणसं. कुणी कॅरेटचे कॅरेट आणून काउंटरसमोर ठेवले होते. प्रकाश बोलत होता, पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं. गलका ऐकून शेठ भिंतीला धरत खाली आले. त्यांना बघून आवाज जरा उतरले. ते मधल्या खोलीत टाकीजवळच्या खुर्चीवर बसले आणि पडदा पुरता बाजूला करायला लावला. मी आणि मंजू आतल्या दारात उभ्या होतो. यजमान पायरीवर पुढंच होते.

एक म्हातारे शेतकरी, ज्यांच्या वडिलांपासून या दुकानाशी व्यवहार होता, ते हात जोडून म्हणाले, "शेठ, तुमी आजारी हाये, तुमाला तरास द्यायचा न्हाई. पर येकदा तुमच्या तोंडानं ऐकू द्या. बी बरूबर व्हतं का न्हाई?"

"माझ्या दुकानातून खोटं बी गेलेलं नाही."

"तुमी नव्हता तवा गेलं असंल तर?"

शेठनी प्रकाशकडं बघितलं. प्रकाशनं मान हलवली: नाही. मग शेठ उठले. त्यांनी टाकीच्या काचेवर हात ठेवला.

"मी देवाची शपथ घेत नाही. देवाला आपल्या व्यवहारात ओढू नये. पण हा जीव बघा. मरायला टाकलेला मी घरी आणला. मी मरणाच्या दारात होतो, तेव्हा माझ्या घरच्यांनी ह्याला जपला. ह्या घरात फसवाफसवी असती तर हा जगला असता? ह्याच्यावर हात ठेवून सांगतो, माझ्या घरात..."

यजमानांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. त्यांचं तोंड उघडलं होतं.  माझं मन एकाच वेळी दोन गोष्टी मागत होतं: त्यांनी बोलू नये, आणि कुणीतरी या म्हाताऱ्या माणसाला ते वाक्य पुरं करू देऊ नये.

"बापूजी." मंजू डोक्यावरचा पदर सावरत माझ्या पुढून गेली. इतक्या पुरुषांसमोर ती दुकानात कधी येत नसे. "बापूजी, हात काढा. हा तो मासा नाही."



"तो गेला. थंडीत. हा मी आणवला. ह्यांना माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. बियाचं मला माहीत नाही. पण खोट्या माशावर शपथ नका घेऊ."

प्रकाशचा चेहरा मी बघितला. असा चेहरा कुणाला मुद्दाम करता येत नाही. माझ्या संशयाला तिथं उभं राहायला जागा उरली नाही.

शेठनी काचेवरचा हात काढला आणि स्वतःच्याच धोतराला पुसला. बराच वेळ ते मंजूकडं नाही, माशाकडं बघत होते. मग लोकांकडं वळून म्हणाले, "मंडळी, शपथ मी मागं घेतली. माझ्या घरात काय होतं ते मलाच माहीत नव्हतं, तर मी कशाची हमी देऊ? गोदामात त्याच बियाची पाकिटं आहेत. घेऊन जा. जिथं तपासायची तिथं तपासा."

मला वाटलं होतं आता गलका होईल. पण झाला नाही. ते म्हातारे शेतकरी म्हणाले, "ज्या घरातल्या सुनंला मासा लपवता आला न्हाई, तिथं बी काय लपणार?" कुणी हसलं नाही, पण माणसं एकेक करून पाकिटं घेऊन पायऱ्या उतरली. यजमान शेवटी गेले. जाताना त्यांनी प्रकाशच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

आत फक्त घरचे आणि मी उरलो. शेठ खुर्चीत बसले.

"कधी गेला?"

"संक्रांतीच्या आधी."

"मग त्याचं कोण..." त्यांना उपासाबद्दल विचारायचं होतं, पण शब्द सापडेना.

"मी केलं," मंजू म्हणाली. "उकळलेल्या पाण्यावर. तुमच्या वाट्याचं मीच केलं. सगळ्यांना वाटलं तुमच्या तब्येतीसाठी करतेय."

"पारणं कोणी करवलं तुझं?"

त्यांच्यात उपास संपताना घरच्या वडीलधाऱ्यानं आपल्या हातानं पहिला घोट द्यायचा असतो.  मंजू म्हणाली, "कोण करवणार? गॅसपाशी उभं राहून मुगाचं पाणी प्याले."

शेठ उठले. मला वाटलं झोपायला जातील. ते स्वयंपाकघरात गेले. त्या माणसाला मी कधी गॅस पेटवताना पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा तो पेटलाही नाही. सकाळी निवडलेले मूग त्यांनी पातेल्यात टाकले, पाणी घातलं आणि ते उकळेपर्यंत तिथंच उभे राहिले. कुणीही पुढं झालं नाही. मग वाटीत ओतून, फुंकर घालून निववून, त्यांनी ती वाटी मंजूच्या ओठांना लावली. ती घोट घेत होती आणि रडत होती, त्यामुळं पाणी नीट जाईना. ते थांबायचे आणि परत लावायचे.

त्यानंतर त्यांनी विचारलं, "हा कुठून आला?"

"समुद्रातून," मंजू म्हणाली. "पकडून आणतात."

"म्हणजे माझ्या समाधानासाठी एकाला तिथून ओढून आणला." ते एवढंच बोलले, पण मला वाटतं, मेलेल्या माशापेक्षा हा जिवंत मासा त्यांना जास्त जड गेला. त्यानंतर त्याला त्यांनी कधी बेटा म्हटलं नाही. त्याला ते "पावणं" म्हणतात. रोज सकाळी स्वतः शेवाळाचा तुकडा सोडतात आणि म्हणतात, "घ्या पावणं." वीज गेली तर चालावा म्हणून टाकीला बॅटरी बसवून घेतली आहे. डॉक्टरांशी वाद घालून त्यांनी बरेच महिने एकवेळ जेवण केलं. दुसऱ्या माशासाठी, पहिल्यासाठी नाही.

बियाचा अहवाल आला. बी चांगलं होतं. विषाणूचा रोग होता, मावा किडीनं पसरवलेला, एका शेतातून दुसऱ्या शेतात, वाऱ्यासारखा. बहुतेकांचं समाधान झालं. यजमान म्हणाले, "रिपोर्ट बी माणसंच लिवत्यात." पुढच्या वर्षी त्यांनी बी शेठकडूनच घेतलं, पण पाकीट तिथंच फोडून, दाणे तळहातावर घेऊन, उजेडात धरून. प्रकाशनं टॉर्च लावून दिला.  ते आजही तसंच चालतं.

माझंही काही वेगळं नाही. जूनमध्ये मी वर्गात दोन नाही, चार चित्रं लावली, दोन पिल्लं आणि दोन मोठे मासे, आणि मुलांना जोड्या लावायला सांगितल्या. मुलांनी भराभर लावल्या. लहानपणी वर्तुळं, मोठेपणी रेघा. लहानपणी कमानी, मोठेपणी ठिपके. माशांचं ते सोपं असतं. पण त्या दुपारी मंजू बोलली ती आपल्या मनानं, की मी दारात उभी होते म्हणून? मला कळलंय हे तिला ठाऊक नसतं, तर तिनं ती शपथ पुरी होऊ दिली असती का? हा प्रश्न मला वर्षानुवर्षं खात होता. कधी तिच्या धाडसाचं कुणी कौतुक केलं की मी मनातल्या मनात थोडी मागं सरायची.

या एप्रिलमध्ये गच्चीवर आम्ही दोघी मुगाचे सांडगे घालत होतो. खाली रस्त्यावरून कॅरेट भरलेल्या गाड्या चालल्या होत्या. मी विचारून टाकलं.

"मंजू, त्या दिवशी मी तिथं नसते, तर तू बोलली असतीस?"

तिनं हातातल्या पिठाचा सांडगा प्लॅस्टिकवर टाकला, बोट पुसलं आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू हेच ती माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होती.

"तुम्ही होता म्हणून तर उशीर झाला, बाई," ती म्हणाली. "बापूजींनी हात ठेवला तेव्हाच मी निघाले होते. मग वाटलं, नाही म्हणालात तरी तुम्ही सांगाल. आता सांगाल, आता सांगाल, म्हणून मी थांबले."